कॅट्सकिलचे पाणी आणि न बांधलेल्या कारखान्याची किंमत

१/ पर्यावरण-अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट हमखास सापडते. न्यूयॉर्क शहरावर पिण्याचे पाणी गाळणारा प्रचंड प्रकल्प बांधण्याची वेळ आली होती. अंदाजे खर्च ६ ते ८ अब्ज डॉलर. शहराने तो बांधला नाही. त्याऐवजी ज्या डोंगरांतून पाणी येते तिथल्या जंगलांवर, ओढ्यांवर आणि शेतांवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च केले, आणि पाणी स्वच्छ राहिले. यावरून निष्कर्ष काढला जातो की, त्या डोंगरांनी दिलेल्या सेवेची किंमत ६ ते ८ अब्ज डॉलर आहे.

२/ गोष्ट खोटी नाही. मात्र तिच्यात माणसे नाहीत. ज्या भूभागाची ही किंमत सांगितली जाते, त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश जमीन खासगी मालकीची होती. कुणाची गाईंची शेती, कुणाचे वडिलोपार्जित रान, कुणाचे उन्हाळी घर. या अब्जावधींतले त्यांच्या हाती काय पडले आणि ते कोणत्या हिशेबाने, हा प्रश्न विचारला की १९९७च्या प्रसिद्ध करारापासून मागे सरकत थेट १९०५ पर्यंत जावे लागते. हा धागा त्याविषयी.

३/ आधी थोडा भूगोल. मॅनहॅटन हे बेट. दोन्ही अंगांना नद्या आहेत, पण भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी त्यांत शिरते. बेटावरच्या विहिरी आणि गोड्या पाण्याचे तळे अठराव्या शतकाच्या अखेरीस घाणीने नासून गेले होते. १७९९ मध्ये ॲरन बर या धूर्त राजकारण्याने शहराला पाणी पुरवण्यासाठी ‘मॅनहॅटन कंपनी’ काढली. तिच्या सनदेत एक निरुपद्रवी दिसणारे कलम होते : उरलेले भांडवल कंपनीने हव्या त्या व्यवसायात गुंतवावे. त्याच वर्षी कंपनीने बँक उघडली. लाकडी नळांतून पाणी जेमतेम आले, बँक मात्र भरभराटीला आली आणि पुढे ‘चेस मॅनहॅटन’ या नावात जाऊन मिसळली. शहर तहानलेलेच राहिले.

४/ १८३२ च्या कॉलऱ्यात न्यूयॉर्कमध्ये सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. त्यानंतर शहराने उत्तरेकडच्या क्रोटन नदीवर धरण बांधून १८४२ मध्ये कालव्याने पाणी आणले. क्रोटनचे नाव लक्षात ठेवावे. गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा येईल. अर्धशतकात तेही पाणी अपुरे पडू लागले. १८९८ मध्ये ब्रुकलिनसह भोवतालचा प्रदेश शहरात सामील झाला आणि १९०५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराला दूरच्या कॅट्सकिल डोंगरांत जाऊन जमीन घेण्याचा अधिकार दिला. नुसता घेण्याचा नव्हे; सक्तीने घेण्याचा.

५/ हे डोंगर म्हणजे अनादि काळापासूनचे अस्पर्श अरण्य होते, असा समज पाठ्यपुस्तकातील गोष्ट वाचून होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात येथे चामडे कमावण्याचा मोठा उद्योग होता. महाराष्ट्रात बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने चामडे कमावत, तसे येथे हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची साल वापरत. (सॉक्रेटिसला पाजलेले हेमलॉक ही वेगळी वनस्पती. गल्लत नको.) दक्षिण अमेरिकेतून कातडी जहाजाने येत, हडसन नदीने वर जात आणि डोंगरात कमावली जात. सालीसाठी झाड पाडायचे, साल सोलायची आणि खोड बहुधा तिथेच कुजू द्यायचे. कातड्यापेक्षा साल वाहून नेणे महाग, म्हणून कारखाना झाडांपाशी; झाडे संपली की कारखाना पुढे सरकणार. कारखान्यांची घाण ओढ्यांत.

६/ सोललेल्या डोंगरांना कुणी वाली उरला नाही. मालकांनी कर भरणे सोडले आणि जमिनी सरकारदरबारी जमा होऊ लागल्या. अल्स्टर परगण्याकडे अशा इतक्या जमिनी साचल्या की त्यांच्यावरचा राज्याचा कर भरणे परगण्याला जड झाले. अखेर १८८५ मध्ये तोड निघाली : परगण्याने जमिनी राज्याला द्याव्यात, कराची बाकी फिटावी. राज्याच्या राखीव वनाचा कॅट्सकिलमधला आरंभ हा असा आहे. ज्या रानाची पुढे अब्जांत किंमत सांगितली गेली, त्याचा काही भाग एका परगण्याने कर चुकवण्यासाठी देऊन टाकला होता.

७/ आता १९०७. ईसोपस नदीच्या खोऱ्यात ॲशोकन जलाशयाचे काम सुरू झाले. खोऱ्यात लहान लहान गावे होती, पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्या होत्या, उन्हाळ्यात शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी खानावळी होत्या. सुमारे २,००० माणसांना उठावे लागले. ३२ दफनभूमींतून सुमारे २,८०० प्रेते उकरून दुसरीकडे पुरावी लागली. घरे, झाडे, कुंपणे काढून खोऱ्याचा तळ साफ करण्यात आला. कालवा डोंगर पोखरत, हडसन नदीच्या तळाखालून हजार फुटांहून खोल जात, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर शहरात पोहोचला. अभियांत्रिकी म्हणून ते काम अलौकिकच आहे. जलाशयाकाठच्या रस्त्यावर आजही बुडालेल्या गावांची नावे सांगणाऱ्या पाट्या आहेत.

८/ भरपाई ठरवण्यासाठी आयोग नेमले गेले आणि वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या. १९०५ चा कायदा त्या काळाच्या मानाने उदार होता. जमिनीखेरीज बुडालेल्या धंद्याबद्दलही दावा करता येत असे. पण एका प्रश्नावर दार बंद झाले, आणि या साऱ्या इतिहासाची किल्ली त्या प्रश्नात आहे.

९/ प्रश्न असा. समजा, एका शेतकऱ्याची खडकाळ कुरणाची जमीन आहे. कुरण म्हणून तिची किंमत किरकोळ. पण ती अशा खोऱ्यात आहे की तोंडाशी बांध घातला तर लाखो माणसांची तहान भागेल. मग भरपाई कुरणाची द्यायची की जलाशयाच्या जागेची? शेतकऱ्याचे म्हणणे उघड होते : शहर येथे गवतासाठी आलेले नाही.

१०/ ॲशोकनमधील अशाच एका जमिनीचा मॅकगव्हर्न खटला १९१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मालकाविरुद्ध निकाल दिला. तीन वर्षांपूर्वी बोस्टनच्या एका खटल्यात त्यांनीच सूत्र घालून दिले होते. भरपाई मोजताना मालकाने काय गमावले ते पाहायचे. घेणाऱ्याला काय लाभले ते पाहायचे नाही. जलाशय झाला तो शहराच्या अधिकारामुळे आणि पैशामुळे. एकट्या मालकाला काही तो बांधता आला नसता. तेव्हा त्या वाढीव किमतीवर त्याचा हक्क नाही.

११/ तर्क म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. तसे नसते तर सार्वजनिक कामासाठी जमीन घेणे अशक्य झाले असते. प्रत्येक मालकाने शहराच्या गरजेएवढा भाव मागितला असता. पण परिणाम काय झाला तेही पाहावे. जमीन इतरांसाठी जे करते त्याची किंमत कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरली. डोंगर पाऊस झेलतो, मुरवतो, गाळतो, हळूहळू सोडतो, हे सारे हिशेबाबाहेर. हिशेबात फक्त गवत, लाकूड आणि घर.

१२/ हे सूत्र अमेरिकेपुरते नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २४ नेमके हेच सांगत होते : संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार, त्यामुळे वाढणारी किंमत भरपाईत धरायची नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचे मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापुढे याच कायद्याची भिंत होती. ॲशोकन भरून जेमतेम काही वर्षे झाली होती.

१३/ मराठी वाचकाला येथे आणखी एक जुना दाखला आठवेल. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी सूचना आहेत. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या कामाचे असले तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वाढवायला माणसाचे आयुष्य जाते. एखादे अगदी जीर्ण झाड हवेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावे, असा त्याचा आशय. त्यात किमतीच्या आधी राजीखुशी येते. हा क्रम ध्यानात ठेवला तर १९९० नंतर न्यूयॉर्कमध्ये काय घडले ते समजायला सोपे जाते.

१४/ मधली वर्षे झरझर ओलांडू. न्यूयॉर्कने शोहारी खोरे घेतले, मग डेलावेअर नदीच्या शाखांकडे मोर्चा वळवला. खालच्या अंगाचे न्यू जर्सी राज्य न्यायालयात गेले. १९३१ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. १९६० च्या दशकात कॅनन्सव्हिल हा शेवटचा जलाशय भरला. दर वेळी नवी गावे बुडाली, दर वेळी तेच सूत्र. काठावर उरलेल्यांनाही शहराचे नियम पाळावे लागत, कारण आपल्या हद्दीबाहेरच्या पाणलोटावर नियम लादण्याचा अधिकार कायद्याने शहराला दिलेला होता. कॅट्सकिलमध्ये ‘सिटी’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जाई, हे सांगायला नको.

१५/ या काळात आणखी एक गोष्ट निमूटपणे घडत होती. डोंगरातली शेती परवडेनाशी होऊन कुरणे ओस पडली आणि त्यांवर जंगल परत वाढले. कुणी ते लावले नाही, कुणी त्याचे पैसे दिले नाहीत. सोललेला डोंगर शंभर वर्षांत पुन्हा हिरवा झाला.

१६/ आता निर्णायक तारीख. १९७४ मध्ये अमेरिकेत सुरक्षित पेयजल कायदा झाला, १९८६ मध्ये तो कडक करण्यात आला आणि १९८९ मध्ये त्याखाली नियम आला : नद्या-तलावांचे पाणी पुरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते गाळलेच पाहिजे. सवलत एकच. पाणी मुळातच निकषांत बसते आणि पाणलोट क्षेत्रावर आपले पुरेसे नियंत्रण आहे, हे जी संस्था सिद्ध करील तिला गाळणीतून सूट. न्यूयॉर्कची रोजची गरज सव्वा अब्ज गॅलनांच्या, म्हणजे पावणेपाच अब्ज लिटरच्या आसपास. त्यातले सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरचे, न गाळलेले. तेवढे पाणी गाळण्याचा प्रकल्प म्हणजे ६ ते ८ अब्ज डॉलर आणि वर ३० कोटी डॉलर वार्षिक खर्च, असा अंदाज निघाला.

१७/ येथे थोडे थांबायला हवे. १९८८ मध्ये आणि १९९० मध्ये डोंगर तोच होता, झाडे तीच, पाणीही तेच. बदलला होता राजपत्रातला एक नियम. नियमापूर्वी या डोंगरांच्या गाळण्याच्या कामाला कुणी छदामही मोजत नव्हते. नियमानंतर त्याची किंमत अब्जांत गेली. खाली एवढे मोठे शहर नसते तर ही किंमत शून्यच राहिली असती. परिसंस्थेच्या सेवेचे मोल निसर्गाच्या पोटात दडलेले असते आणि अर्थतज्ज्ञ ते खणून काढतो, हा समज या एका प्रसंगाने डळमळतो.

१८/ अडचण मालकीची होती. कॅट्सकिल-डेलावेअरचे पाणलोट क्षेत्र सुमारे १,६०० चौरस मैलांचे. राज्याची राखीव वने साधारण एक-पंचमांश. शहराची स्वतःची जमीन दहा टक्क्यांहूनही कमी. बाकी सारी खासगी. अशा जमिनीवर ‘नियंत्रण’ कसे दाखवायचे? शहराच्या अधिकाऱ्यांना जुनाच मार्ग सुचला. १९९० मध्ये त्यांनी नव्या नियमांचा मसुदा काढला. ओढ्यांपासून ठरावीक अंतरात शेण टाकू नये, बांधकाम करू नये, रस्ते-वाहनतळ करू नयेत, अशी बंधने. भरपाईचा प्रश्न नाही, कारण जमीन घेतलीच जात नव्हती.

१९/ डोंगर पेटून उठला. शेतकऱ्यांनी हिशेब मांडला : ओढा प्रत्येकाच्या शेतातून जातो, मसुदा जसाच्या तसा लागू झाला तर दुग्धव्यवसाय बंद करावा लागेल. १९९१ मध्ये गावांनी मिळून ‘कोअलिशन ऑफ वॉटरशेड टाउन्स’ ही आघाडी उभी केली आणि न्यायालयाचा मार्ग धरला. सभांमधून ॲशोकनची आठवण निघू लागली. आजोबांच्या थडग्याची गोष्ट सांगणारी माणसे हयात होती. शहराला पाणी हवे, ते स्वच्छ हवे, आणि त्याचा भुर्दंड पुन्हा डोंगराने सोसायचा, हे तिसऱ्यांदा होऊ द्यायचे नाही, असा एकूण सूर.

२०/ या वेळी मात्र शहर अडचणीत होते. १९१३ मध्ये त्याला फक्त जमीन हवी होती. ती सक्तीने मिळाली. आता हवी होती हजारो मालकांची रोजची वागणूक, आणि ती सक्तीने मिळत नाही. शेतकऱ्याने शेण कुठे ठेवावे हे पाहायला प्रत्येक गोठ्यापाशी शिपाई उभा करता येत नाही. शहराच्या पर्यावरण खात्याचे तेव्हाचे प्रमुख अल्बर्ट ॲपलटन यांना हे लवकर उमगले. त्यांनी मसुदा बाजूला ठेवून शेतकऱ्यांशी बोलणी सुरू केली. आरंभी शेतकऱ्यांनी तासन्‌तास शहराला बोल लावले आणि शहराच्या लोकांना ते ऐकून घ्यावे लागले.

२१/ तोडगा निघाला तो असा. प्रत्येक शेतासाठी स्वतंत्र आराखडा. तो शेतकरी आणि तज्ज्ञ मिळून करतील, खर्च शहर देईल. शेतकऱ्यांचेच वर्चस्व असलेले एक मंडळ १९९३ मध्ये स्थापन झाले आणि कार्यक्रम त्याच्या हाती गेला. सहभाग ऐच्छिक. पण एक अट सामुदायिक : पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत, नाहीतर नियमांचा बडगा परत येणार. ही अट शेतकऱ्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि उद्दिष्ट ओलांडून दाखवले.

२२/ त्याच १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्मजीवाने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. (मिलवॉकीचे पाणी गाळलेले होते, ही त्यातली बोचरी बाब.) हा जीव वासरांच्या शेणातून येऊ शकतो. कॅट्सकिलच्या आराखड्यांत म्हणून वासरांसाठी वेगळे, कोरडे गोठे आले. शेणासाठी पक्की साठवण, ओढ्याकाठी कुंपण, गुरे ओलांडायला लहान पूल. अब्जांची सेवा जमिनीवर पाहू गेले तर ती अशी दिसते. पुढे १९९८ पासून ओढ्याकाठची पट्टी झाडोऱ्यासाठी सोडणाऱ्या शेतकऱ्याला वार्षिक भाडे देणारी योजनाही आली. भाडे ठरे ते त्या मातीच्या शेतीभाड्यावरून. गाळलेल्या पाण्याच्या मोलाशी त्याचा संबंध नव्हता.

२३/ शेतकरी राजी झाले तरी गावांशी बोलणी लांबली. गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी मध्यस्थी केली आणि २१ जानेवारी १९९७ रोजी शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था, पाणलोटातील गावे व परगणे आणि पर्यावरण संघटना यांनी करारावर सह्या केल्या. त्यातील मुख्य अटी पाहण्याजोग्या आहेत. शहराने जमीन विकत घेण्यासाठी २५ कोटी डॉलर काढून ठेवावेत, पण सक्तीने एक एकरही घेऊ नये. विकणारा राजी असला तरच व्यवहार. घेतलेल्या जमिनीवरचा स्थानिक कर शहराने भरत राहावा. गावठाणाभोवतीचा ठरावीक भाग खरेदीतून वगळण्याचा हक्क गावांना. मैलापाणी केंद्रे सुधारणे, घरांची शोषटाकी दुरुस्त करणे, यांचा खर्च शहराचा. आणि डोंगरातील रोजगारासाठी ६ कोटी डॉलरचा निधी.

२४/ आता मूळ प्रश्न. जमीन कोणत्या भावाने घेतली जाणार होती? बाजारभावाने. मूल्यांकनकार येणार, शेजारच्या व्यवहारांशी तुलना करणार, भाव ठरवणार. पाणी गाळण्याची सेवा त्या भावात नाही. जिथे मालकाला जमीन सोडायची नव्हती तिथे ‘संवर्धन हक्क’ विकत घेण्याची सोय होती : जमीन मालकाची, शेतीही त्याची, पण घरे बांधण्याचा हक्क कायमचा शहराकडे. त्याचीही किंमत म्हणजे हक्कासह जमिनीचा बाजारभाव वजा हक्काविना बाजारभाव. सारांश, मालकाने जे गमावले तेच मोजले गेले. होम्स यांचे सूत्र ८४ वर्षांनी शाबूत होते. बदल झाला तो दुसरीकडे : मालकाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळाला, आणि त्या हक्काच्या बळावर गावांनी मिळून कर, निधी आणि मैलापाणी केंद्रे पदरात पाडून घेतली.

२५/ सही होऊन चार महिने होतात तोच, मे १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांचा गाजलेला लेख आला. जगातील १७ परिसंस्था-सेवांचे वार्षिक मोल सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या जागतिक उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात ग्रासिएला चिचिलनिस्की आणि जेफ्री हील यांनी कॅट्सकिलचे उदाहरण मांडले : एक ते दीड अब्ज गुंतवा, ६ ते ८ अब्ज वाचवा, वार्षिक परतावा ९० ते १७० टक्के. पाठ्यपुस्तकातील गोष्टीचा जन्म येथे झाला. गावांच्या सभा, शिव्याशाप आणि कुंपणे तिच्यातून गळून पडली.

२६/ त्या आकड्याचा साधा भागाकार करून पाहावा. १,६०० चौरस मैल म्हणजे सुमारे १० लाख २४ हजार एकर. ६ ते ८ अब्ज भागिले तेवढे एकर, म्हणजे एकरी सुमारे ६ ते ८ हजार डॉलर. मग पन्नास एकरांच्या मालकाने ३ ते ४ लाख डॉलर मागावेत का? हिशेब येथे फसतो. एकाने आपले पन्नास एकर रान तोडले तर न्यूयॉर्कच्या पाण्यावर काहीही परिणाम होणार नाही. प्रकल्प काही त्याच्यामुळे बांधावा लागणार नाही. त्या अर्थाने त्याच्या सेवेची किंमत शून्य. पण हजार मालकांनी तसेच केले तर सारे ८ अब्ज अंगावर येतात. शिवाय ओढ्याकाठचा उताराचा एकर आणि माथ्यावरचा सपाट एकर यांचे काम सारखे नाही. एकत्र जमिनीची किंमत सांगता येते. तिचे सातबाऱ्यागणिक वाटप करता येत नाही. खासगी जमिनीवरील परिसंस्था-सेवा मोजणाऱ्या प्रत्येकाला हा पेच आजही सोडवावा लागतो, आणि ८५ टक्क्यांची सामुदायिक अट हे त्यावरचे व्यवहारी उत्तर होते. ते एखाद्या सूत्रातून आलेले नाही, भांडणातून आले.

२७/ २००२ मध्ये मार्क सॅगॉफ या तत्त्वचिंतकाने कॅट्सकिलच्या गोष्टीला ‘दृष्टान्तकथा’ म्हटले. त्याचा आक्षेप असा की पाण्याची गुणवत्ता ढासळल्याचा पुरावा नव्हता, जंगल तर वाढत होते, आणि खर्चाचा मोठा वाटा निसर्ग सुधारण्यावर नसून मैलापाणी केंद्रांसारख्या बांधकामांवर होता. मग निसर्गाने कारखान्याला हरवले हे कशावरून? आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावरून डोंगराचे काम नाकारता येत नाही. पाणी न गाळता चालत होते ते त्या वाढत्या जंगलामुळेच. ते टिकवायला कारखान्याहून कमी खर्च आला, एवढे शिल्लक राहतेच.

२८/ आणि ६ ते ८ अब्ज हा आकडा फुगवलेला होता का? मोठा प्रकल्प बांधलाच नाही, तेव्हा थेट पडताळा अशक्य. पण क्रोटन आहे. शहराजवळच्या त्या जुन्या पाणलोटात उपनगरे पसरली होती, सवलत मिळणे शक्य नव्हते, आणि १९९८ मध्ये शहराने तेथील पाणी गाळण्याचे न्यायालयात मान्य केले. ब्रॉन्क्समधील एका उद्यानात, गोल्फ मैदानाखाली, तो प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला. खर्च ३ अब्ज डॉलरहून अधिक, आणि क्रोटनचा वाटा शहराच्या पाण्यात एक-दशांशाच्या आसपास. त्या मानाने कॅट्सकिलसाठीचा १९९० च्या दशकातला अंदाज कमीच वाटू लागतो.

२९/ सवलत अजून चालू आहे. २०१७ मध्ये ती दहा वर्षांसाठी पुन्हा मिळाली. अगदी फुकट नव्हे : दरम्यान शहराने अतिनील किरणांनी जंतू मारणारे केंद्र सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चून उभारले आहे. १९९७ नंतर शहराने जमीन आणि संवर्धन हक्क मिळून दीड लाख एकरांच्या आसपास क्षेत्र जोडले.

३०/ डोंगरात आता नवी तक्रार ऐकू येते. खोऱ्यांतली सपाट, बांधण्याजोगी जमीन मुळात थोडी. तीही शहर विकत घेत गेल्याने तरुणांना घरासाठी जागा उरत नाही. विकणारा राजीखुशीने विकतो, पण शेजाऱ्याला, शाळेला, दुकानाला कुणी विचारत नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या कार्यक्रमाचा आढावा घेतला, तेव्हा तिनेही सुचवले की सरसकट जमीन खरेदीवरचा भर कमी करून पैसा पाण्याला अधिक उपयोगी पडेल अशा कामांकडे, विशेषतः ओढ्याकाठच्या जागांकडे वळवावा. कोणत्या एकराचे किती, हा जुना वाद त्या अहवालानंतर गावे आणि शहर यांच्यात पुन्हा सुरू झाला आहे.